ह्या सालची यादी

नीलांबिका,
तू विचारलंस, सर, ह्या साली काय वाचू?
एकतीस मार्च, रात्रीचे साडेनऊ,
वडगावच्या विणकर सोसायटीचा ताळेबंद
अठरा रुपयांनी अडलेला.
मी म्हटलं, आधी अठरा रुपये वाच.

अठराला नवानं भाग जातो,
म्हणजे कुठेतरी आकड्यांची अदलाबदल,
एवढं मला ठाऊक होतं. सापडलं मात्र तुला.
मॅनेजर मराठीत म्हणाला, शेहेचाळीस.
बसलिंगनं आधी ऐकू आला तो सहा आधी लिहिला.
'नलवत्तारु म्हटलं असतं
तर चार आधी आला असता की, सर.'
तीस वर्षं सह्या करतोय मी ह्या भागात.
भाषेची चूक नेहमी
किरकोळ खर्चात टाकत आलो.

तर यादी.
श्रीमंत व्हायची दोन पुस्तकं वाचली.
दोन्ही उसनी आणली. तेवढीच बचत.
एक कादंबरी, संकेश्वरच्या बसमध्ये सीटखाली सापडलेली,
शेवटची अकरा पानं गायब. ती वाच.
हिशेब न जुळताही झोप लागते,
हे मला तिनं शिकवलं.
कवितांचं एक, रद्दीवाल्याकडून, किलोच्या भावानं.
वजन भरलं नव्वद ग्रॅम.
मूल्यांकनाची ही पद्धत मानकांत बसत नाही.
आणि अहवालांच्या मागच्या टिपा.
पुढे अध्यक्षांचा फोटो, हार, नारळ.
मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत,
खरं काय झालं ते.

सगळ्यात वर ठेवतो ते मात्र
नंदगडच्या पतसंस्थेत भेटलं, जुलैच्या ऑडिटला.
कॅशबुकात एक ओळ: पुस्तक, रुपये बावीस. व्हाउचर नाही.
मी लाल खूण केली.
परशराम गुंजटकर, क्लार्क, वय सत्तावन्न,
उठला, डब्याच्या पिशवीतून
बालवाडीची कन्नड अंकलिपी काढून
माझ्यासमोर ठेवली.
'नोटिसा कन्नडात येतात, सर.
सभासद विचारतात, काय लिवलंय?
मी काय सांगू?'
संस्थेचा शिक्का होता पुस्तकावर,
डेडस्टॉक रजिस्टरातला नंबरसुद्धा.
प्रत्येक चित्राखाली पेन्सिलनं मराठी अक्षरं.
पहिल्याच पानावर: आने.
मी सवयीनं दुरुस्त करायला गेलो,
आणे, गुंजटकर, ण बाणातला.
'नाही सर,' तो म्हणाला, 'हत्ती.'

लाल शाई खोडता येत नाही.
बाजूला लिहिलं: व्हाउचर पाहिलं.
त्या संध्याकाळी खानापूर स्टँडवर
तसलीच एक अंकलिपी मीही घेतली.
दुकानदारानं विचारलं, नातवाला का?
मी होय म्हटलं.

कन्नड मला बोलता येतं, बाजारापुरतं.
साल म्हणजे कर्ज, हे कानाला माहीतच होतं.
पण तुझ्या बोटामागून एकेक अक्षर जुळवत
तो शब्द पहिल्यांदा डोळ्यांनी वाचला,
तेव्हा थांबलो.
आमच्यात साल म्हणजे वर्ष.
तू हसलीस. 'मग तुमच्यात
कुठल्या सालचं साल, असं विचारायचं?'
आणि जाता जाता सांगितलंस,
उकार लावला की सालु,
सालु म्हणजे ओळ.
त्या दिवशी एकही व्हाउचर तपासून झालं नाही.

आता एप्रिल. शहापुरातल्या ऑफिसात
खालच्या मागाचा खडखडाट, वर माझा पंखा.
परवा गुंजटकरचा फोन आला.
ळ पर्यंत पोचलाय म्हणतो, नोटीस अजून कळत नाही,
पण कुणाच्या नावानं आलीय ते कळतं.
मी त्याच्या बराच मागे आहे.

अंकलिपी कपाटाच्या वरच्या खणात आहे.
तुला तिचा उपयोग नाही, माहीत आहे.
तरी ने एकदा.
पेन्सिलनं लिहिलेलं तपास,
चुकलं असेल तिथे लाल कर,
आणि परत आणशील तेव्हा
मागच्या पानावर तारीख टाक,
दोन्ही अंकांत.