फेस

तिला पानं नसतात.
नुसत्या काड्या, राखट हिरव्या,
मोळी बांधता बांधता कुणी अर्ध्यातून उठून जावं
तशा जुड्या उभ्या, चुनखडीच्या उतारावर.
कांदेलिया. म्हणजे इवलीशी मेणबत्ती.
कोआविलाच्या वाळवंटात तिला कुणी लावत नाही,
पाणी तर माणसांनाच पुरत नाही.
तिचं ऊन तीच अडवते,
अंगावर मेण चढवून.

सरकारी माणूस सांगून गेला होता:
पाचातली एक जुडी जागेवर राहू द्या.
वडील म्हणायचे, रिकाम्या पोटी
मला चारापुढे मोजता येत नाही.
आमच्या गाढविणीचं नाव विउदा, विधवा.
का, ते कुणी विचारलं नाही.
तिच्या पाठीवर डोंगर खाली यायचा
आणि ती डोळे मिटून चालायची.

जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेली लोखंडी काहील.
खाली जाळ, कालच्या उकळून वाळलेल्या काड्यांचा.
कालचीनं आजचीला शिजवायचं,
असा आमच्याकडचा हिशेब.
मग प्लास्टिकच्या कॅनमधलं आम्ल.
आई त्याला नावानं हाक मारायची नाही,
'ते' म्हणायची,
जसं दारू पिऊन येणाऱ्या दिराला म्हणायची.
'त्या'नं वडिलांच्या पॅंटींची चाळण केली,
ठिगळांचीही केली,
पापण्यांचे केस नेले, ते परत आले नाहीत.

पण फेस यायचा.
मळकट, पिवळसर, जाड.
निकानोर झारा घेऊन वाकायचे,
सायीवर टपलेल्या मांजरासारखे.
उतू गेलं तर दिवस गेला.

औषध म्हणूनही घरात तीच.
दात ठणकला की काडी मोडायची,
तिच्या दुधाचा एक थेंब हिरडीवर.
एकच.
माझ्या भावानं, कासिमिरोनं, पैजेवर चार घेतले
आणि दोन दिवस निवडुंगामागून आलाच नाही.
लग्नाच्या मिरवणुकीतही पोरं त्याला
'चार थेंब, चार थेंब' ओरडत होती.

व्यापारी मेणाचा खडा तराजूत टाकायचा
आणि वाळूचे म्हणून पैसे कापायचा.
वाळू असायची.
नसायची तेव्हाही असायची.

आता मी सालतियोत औषधांच्या दुकानात काम करते.
काचेच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.
दुपारी गिऱ्हाईक नसलं की खोक्यांवरची बारीक अक्षरं वाचते:
गोळीवरचं लुकलुकतं कवच, च्युइंगम, बुटांचं पॉलिश,
परदेशी सफरचंदाची ती खोटी तुकतुकी,
आणि लिपस्टिक.
सगळीकडे शेवटून दुसरं-तिसरं नाव तिचं.
कुठे तेही नाही, नुसता आकडा: ई नऊशे दोन.
कैद्याला असतो तसा.

एक लिपस्टिक घरी नेली. डाळिंबी रंगाची.
माझ्या तीन दिवसांच्या पगाराएवढी,
हे मी सांगितलं नाही.
वडिलांनी आधी वास घेतला.
मग नखानं टोक दाबलं,
काडी पेटवून कडेला धरली,
वितळलेला थेंब अंगठ्यावर घेऊन
गोठेपर्यंत गप्प बसले.
चाळीस वर्षं मेण असंच पारखलं त्यांनी.

"ह्यात आपलं किती?"
शंभरात सात असेल, मी म्हटलं. आठ फार तर.
ते हसले, मग खोकले,
मग खोकल्यातूनच विचारलं,
"आणि बाकी वाळू?"

आईनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली.
घरात आरसा नव्हता असं नाही,
तो खाटेमागे पडला होता, कोण काढणार.
तिनं भिंतीवरचा झारा उतरवला,
'त्या'नं घासून घासून लख्ख झालेला,
आणि तोंडासमोर धरला.
झाऱ्याला भोकं असतात.
जिथे ओठ दिसायला हवेत
तिथे नेमकं भोक.

तिनं अंदाजानं लावली.
थोडी बाहेर गेली.
मग तशीच उठून
विउदाला पाणी दाखवायला गेली.