जादा दूध

दूधवाला बबन वैतागतो,
"जादा दूध नक्की कधी, ताई?
एक दिवस ठरवा ना सगळ्यांनी."

काय सांगू याला?
तिसऱ्या मजल्यावरच्या तसनीमबेनची ईद
कालच झाली, कॅलेंडर पाहून.
मोयदूच्या घरी आज,
तिकडे कालिकतला चंद्र दिसला म्हणून.
मुबारकपूरचे अन्सारी अजून गच्चीवर,
माना वर करून
डोंगरीच्या ढगांशी हुज्जत घालतायत.

मी मुरुडची.
सांदणांचं पीठ भिजवून बसलेय.
ते फुगेल तेव्हा फुगेल.

तसनीमबेनची वाटी ओट्यावर तशीच,
परत द्यायची तर
रिकामी कशी देऊ?

"बबन, तीन दिवस
रोज एक लिटर जास्त टाक," म्हटलं.
"आणि परवा तूही थांब जरा,
खुर्मा पिऊनच जा."