सुभेदार

वहीत एकेचाळीस पिल्लं आहेत त्याची.
वैभवीच्या सहावीच्या वहीत, भूगोलाच्या मागच्या कोऱ्या पानांवर:
कुणाची शेळी, कोणत्या वारी लागवली,
पन्नास रुपये दिले, की शेरभर ज्वारी,
की तान्हाबाईसारखं "दिवाळीला देते गं" म्हणून
दिवाळ्या दोन झाल्या.
जुळी झाली तर पुढं दोन टिंबं.
टिंबंच जास्त आहेत.

अख्खा काळा. फक्त उजव्या कानावर
चुन्याचं बोट पुसल्यासारखा डाग.
माजावर आला की स्वतःच्याच दाढीवर मुततो
आणि कडुलिंबाखाली असा उभा राहतो
जसा काही सारा वसूल करायला आलाय.
पाहुणे ओसरीवर टिकत नाहीत.
हे म्हणतात, "तुझ्या लुगड्यालाबी त्याचाच वास येतोय."
येत असेल.

आता चिंगी माजावर आली, मग तिची बहीण,
मग झिपरी.
तिघी त्याच्याच लेकी.
त्याला काय त्याचं.
तो दावं ताणतो, खुंटा हलवतो,
रात्रभर जीभ काढून बुबुबु करतो.
मी तिघींना आत कोंडते,
दाराला पाटा लावते, पाट्याला पाठ लावते.
मागच्या साली एकदा डोळा लागला होता.
झालेलं पिल्लू उभंच राहिलं नाही.
वहीत त्याच्यासाठी मी
नुसती एक ओळ मोकळी सोडली.

पोरी विकाव्यात, की बाप?
पोरी दूध देतील, वेतं देतील.
बाप एकच, पण त्याच्यासाठी माणसं
मांजरा ओलांडून येतात शेळ्या घेऊन.
आणि गावातल्या शेळ्या म्हणाल
तर निम्म्या आता त्याच्याच नात्यातल्या.
गावच सोयऱ्यांनी भरलं
तर सुभेदारानं जायचं कुठं?

कळंबच्या बाजारात पहिल्यानं पाठ दाबली,
ओठ वर करून दात मोजले,
कंबरेखाली हात घालून अंदाज घेतला.
"सत्तावीस देतो. वंशालाच पायजे, मावशी.
बारा शेळ्या हैत घरी."
ईद तीन आठवड्यांवर.
मी म्हटलं, "नावं सांग."
"कुणाची?"
"शेळ्यांची."
हसला. "चांदी," म्हणाला. "...चंद्री."
मग खिशातून मोबाईल काढून
बघायला लागला.

दुपारी येरमाळ्याकडचा एक पोरगा आला. उमाकांत.
पायात दोन वेगळ्या चपला.
त्याला विचारायच्या आतच बोलत सुटला:
भुरी, बिजली, लंगडी,
पोष्टी, म्हंजे पोष्टमन आला की वरडती ती,
आन् एकीला नावच न्हाई,
माय मेलती तिची, बाटलीवर वाढवली,
नाव ठेवायचं राहूनच गेलं.
बावीस होते त्याच्याकडं. मोजून बावीस.
शेवटच्या नोटा दहा-दहाच्या.

दावं मी सोडून घेतलं. ते देत नसतात.
त्यानं स्वतःची दोरी आणली होती,
नवी, अजून कडक.
सुभेदारानं मागं वळून बघितलं वगैरे काही नाही.
बाजूच्या बाईच्या पाटीतली
कोथिंबिरीची एक जुडी ओढली
आणि चघळत चघळत गेला.
जुडीचे दहा रुपये मी दिले.

घरी यांनी पैसे दोनदा मोजले.
"सत्तावीस म्हणत होते ना लोक?"
"वजन कमी भरलं."
यावर दोघंही काही बोललो नाही.
झिपरी कडुलिंबाच्या बुंध्याला
अंग घाशीत उभी होती. तिला हाकललं.
पुन्हा आली.

तिसऱ्या दिवशी फोन.
"मावशी, खाईना झालाय. तुमी काय घालत होता?"
"बाभळीच्या शेंगा," म्हटलं,
"पण मूठभरच घाल.
जास्त झाल्या की कुणाचं ऐकत न्हाई."