मिळून येईपर्यंत

पाच वाजून दहा मिनिटं.
साडेपाचला वीज जाईल, सहाला बुपेची बस.
वॉर्डात आज रात्री ती एकटीच आहे.
न्शिमा घोटून झाकून ठेवलाय,
आणि भोपळ्याचा पाला अजून जुडीतच,
चिसोकोनेच्या बाजारातून आणलेला,
वर दोन पानं मागून घेतलेला.

देठ मोडायचा, पण पुरता तोडायचा नाही.
मोडल्या जागी निघालेला दोरा नखात धरून
पानाच्या टोकापर्यंत सोलत न्यायचा.
राहिला, तर घशात केस अडकल्यासारखं होतं.
पहिल्या दिवशी मला हे कुठं माहीत होतं!
बुपेनं घास गिळला, वर दोन पेले पाणी प्याली,
आणि काहीच बोलली नाही.

खाणीनं घरी बसवलं तेव्हा
या हातांना ड्रिल धरायची सवय होती.
मुसळ खडक फोडल्यासारखं पडायचं,
निम्मे दाणे अंगणात कोंबड्यांना.
कुंपणापलीकडून बाना कासुबा हसायच्या,
"अहो न्गोसा, कूट करताय की तांबं काढताय?"
आवाजावरूनच गल्लीला कळलं
आता या घरात उखळ कुणाकडे आहे.
डोकं घातलंच होतं त्यात. कुटत राहिलो.

पाण्याला आधण आलं.
कांदा, टोमॅटो, मीठ,
मग हातानं चुरगाळून पाला.
टोपभर दिसणारा पाला बघता बघता मूठभर होतो,
तेव्हा वरून कूट पेरायचं
आणि डाव लांब ठेवायचा.
लगेच ढवळलं तर गुठळ्या होतात,
झाकलं तर उतू जातं.
उभं राहून नुसतं बघायचं
कडेकडेनं बुडबुडे कुटाला कसे भिजवतात,
पाणी पाणी राहत नाही, पांढुरकं, दाट,
दाण्यांचं दूध होतं
आणि पान त्यात सैल पडतं.

"आज मुसळ एकसारखं नाही पडलं,"
कुंपणावरून बाना कासुबा.
"बरं आहे ना सगळं?"

आहे.
चाळणीखाली पत्र आहे.
खाण पुन्हा सुरू करताहेत,
सोमवारी पहिल्या पाळीला बोलावलंय.
आठ महिने याच कागदाची वाट पाहिली,
आणि दुपारपासून तो तिथं ठेवलाय,
उंदराला लपवावा तसा.

पाच सव्वीस. आता ढवळलं.
मिळून आली.

बुपे गणवेशातच, उभ्या उभ्या जेवतेय,
न्शिम्याच्या गोळ्याला अंगठ्यानं खळगा पाडून
त्यात भाजी भरते.
"मीठ थोडं कमी," म्हणते, आणि पुन्हा वाढून घेते.
मी चाळणीकडे बघतो.
तेवढ्यात वीज जाते,
वेळेच्या आधी एक मिनिट.

अंधारात तिचं चावणं ऐकू येतं.
मग तिचा आवाज,
"एकसुद्धा दोरा लागला नाही."