जागची हालत नही

गोंदूरच्या धावपट्टीवर दुपारी
डांबर पाण्यासारखं दिसतं,
आणि मी पत्र्याच्या खोलीत
विमानं काढत बसते: त्रिकोण, नखाएवढे.

निळा म्हणजे लांबचा. पिवळा, लक्ष ठेव.
शेजारी उणे दोन: दोनशे फूट खाली.
एक बाण, चढतोय की उतरतोय.
कल्याणी गिरासे, एकोणचाळीस तास उडालेली,
पडद्याकडे बघून म्हणाली,
"ताई, हे सगळं खरंय.
पण घाबरायचं कुणाला, ते कुठे लिहिलंय?"

मी त्रिकोणांना शेपट्या लावल्या,
पुढच्या मिनिटाच्या रेघा ओढल्या.
पडदा बाभळीसारखा काटेरी झाला.
पुसलं.

लळिंगच्या अंगाला दोन घारी फिरत होत्या.
धावपट्टीवरची ढोरं हाकलणारा झिपरूदादा
चहा ठेवता ठेवता खिडकीतून बघत बोलला,
"जी सरकस, ती निंघी जास.
जी खिडकीमा जागची हालत नही
तीच आपलावर येस."

तीस वर्षं काठी घेऊन
त्याने एवढंच मोजलंय:
कुठली म्हैस विमानाआधी पार होईल,
कुठली नाही.

रात्री मी सरकणारे सगळे फिके केले.
काचेवर एकाच जागी थांबून
नुसता मोठा होत जाणारा जो,
त्याच्याभोवती एक पोकळ कडं.

सकाळी सातला कल्याणी उडेल.
कड्याचा रंग अजून ठरत नाही.
लाल नको, म्हणते ती.
लाल दिसला की
हात आधी हलतो,
डोळा नंतर.