रात्री दोनची शिट्टी

गोळ्या इवल्या, पांढऱ्या.
त्यांनी तिला अशी भूक दिली
की रात्री दोनला शर्वरी उठून बसते,
डोळे मिटलेलेच, आणि म्हणते, वरणभात.
संध्याकाळचा चालत नाही.
फाईलवर लिहिलंय : ताजं, शिजवलेलं, गरम.
म्हणून भोसरीत, तिसऱ्या मजल्यावर,
दोन वाजता कुकर लागतो.

पहिल्या आठवड्यात खालच्या जगदाळ्यांनी
दार ठोठावलं होतं, तावातावानं.
दार उघडलं तिनंच.
टक्कल, सुजलेले गाल, हातात वाटी.
रविवारी रक्तपेढीत गेलो तर
जगदाळे माझ्याआधी बसलेले, बाही वर करून.

कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहायचो,
त्याच चौकटींत आता प्लेटलेट :
बारा हजार. नऊ. एकतीस.
कारखान्यात मायक्रोमीटर लावून
केसाच्या दहाव्या भागाची चूक पकडतो मी,
घरी थर्मामीटर हातात आला
की आकडा दिसत नाही. तो सुलभा वाचते.
शंभर पॉइंट चार म्हणजे पिशवी उचलायची.
नाशिक फाटा, दापोडी, खडकी,
सिग्नल नुसते पिवळे लुकलुकणारे,
जगदाळ्यांची रिक्षा, मीटर न टाकता.

पाठीच्या कण्यात सुई घालताना
तिचं मुटकुळं मीच धरतो.
गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी.
जन्माआधी ती अशीच असणार.
तेव्हा सुलभानं धरली होती,
तिला न दुखवता.

थोरला हर्षद धनकवडीला, आत्याकडे.
सर्दी आहे म्हणून पाठवला, त्याला चार महिने झाले.
रोज फोनवर हिशोब देतो :
बाबा, आज एकदाच शिंकलो.

सोमवारी गोळ्या थांबल्या.
या टप्प्यापुरत्या, डॉक्टर म्हणाले,
आणि आम्ही पुढचं वाक्य विचारलं नाही.

त्या रात्री दोन वाजले.
मी जागा. सुलभा जागी.
शर्वरी तोंड उघडं टाकून झोपलेली,
एक पाय माझ्या अंगावर.
सव्वादोनला दारावर टकटक.
जगदाळे, बनियनवर, हातात रिक्षाची किल्ली.
म्हणाले, शिट्टी आली नाही.

सुलभानं त्यांना आत बसवलं
आणि तांदूळ धुतले.
तिघं जेवलो. वरणात मीठ नव्हतं,
तिच्यासाठी घालत नाही त्याची सवय.
कुकर तीनदा वाजला होता.
ती उठली नाही.