किरायतें

लॉगबुकात त्या दिवसाची नोंद एवढीच:
वॉर्ड सात. पुरुष, एकाहत्तर. रक्त पातळ करणारी गोळी चालू.
आयएनआर सहाच्या वर. कारण अज्ञात.
खाली ओलुची मॅडमची सही, हिरव्या शाईत.

सहा आठवडे होते मी स्विंडनला.
बाबांनी कुडचड्याच्या पतसंस्थेतून काढलेलं कर्ज,
कॉलेजचं शिक्क्याचं पत्र,
आणि आईने स्वेटरात गुंडाळलेली आमसुलं,
जी विमानतळावर एका बाईने हुंगली, पुन्हा हुंगली
आणि परत दिली.

चार वर्षं आम्ही वहीत रेणू काढत होतो,
षटकोनाला चिकटून षटकोन.
खाटेशेजारी कुठे उभं राहायचं, हात कुठे ठेवायचे,
हे कुणी काढून दाखवलं नव्हतं.
मॅडम म्हणायच्या, आधी खुर्ची ओढ.
मग विचार.
मग तेच विचार, दुसऱ्या शब्दांत.

इनास रिबेलो सगळ्याला 'नो' म्हणत होते.
जहाजावर तीस वर्षं 'येस सर' म्हणून झालेला माणूस
म्हणतो तसं.
हर्बल काही? नो. ॲस्पिरिन? नो. व्हिटॅमिन? नो.
मी पेन मिटलं.
"किरायतें घेता?"

"तें?" ते एवढे हसले की शेजारचा पडदा हलला.
"तें वखद न्हय गो. तें किरायतें."

रोज पहाटे, उपाशीपोटी, कपभर काढा.
भाचा गोव्याहून येताना आणतो, मोज्यांच्या आत.
दुपारी त्यांच्या बायकोने, पिएदादबाईंनी, पुडी आणून दाखवली:
वर मडगावच्या कुणाच्या तरी महिन्याच्या मिशाची जाहिरात,
आत काळपट काड्या.
मॅडमनी नाक लावलं, डोळे मिटले.
आमच्या आजोळीही असं एक पान होतं, म्हणाल्या.
त्याचं नाव सांगितलं. माझ्या जिभेला ते जमलं नाही.

काड्या बंद झाल्या. चौथ्या दिवशी आकडा अडीच.
त्यानेच झालं होतं का?
बहुधा, मॅडम म्हणाल्या. 'शक्यता' लिही.
खात्री असल्यासारखं लिहू नकोस.

आता बाबांच्या फार्मासीत, काउंटरच्या अलीकडे,
मीही एक खुर्ची ठेवलीय.
बाजाराच्या दिवशी तिच्यावर कुणाची तरी
नारळांची पिशवी बसते.
सावित्री वेलिप म्हणते, "तांबडी ल्हान दी, धा."
कधी घेता? जेवणाआधी? नंतर?
ती बाबांकडे बघते.
बाबा पंख्याकडे.

"असं विचारत बसलीस तर,"
रात्री गल्ला मोजताना ते म्हणाले,
"रांग सावर्ड्याच्या पुलापर्यंत जाईल."
आणि मग, नोटा तशाच मोजत,
"मलाही ते बीपीचं सकाळी घेतलं की गरगरतं."
कधीपासून?
"शिगम्यापासून."
मी खुर्ची ओढली.

रविवारी कुडतरीला जाऊन आले.
तळ्याच्या बाजूचं घर, निळं दार, कुलूप गंजलेलं.
मागे खुरीस, आणि खुरसामागे
कुणीही न लावता माजलेलं किरायतें, गुडघ्याएवढं.
डिस्चार्जच्या दिवशी बुटांच्या नाड्या बांधता बांधता
इनास म्हणाले होते,
"ताका सांग, दोतोरान म्हाका बंद केलां.
रागार जावं नाका म्हण."

सांगितलं.
आधी इकडेतिकडे बघून घेतलं, कुणी नाही ना ते.
एक पान खुडून तोंडात टाकलं.

मडगावच्या बसमध्ये अर्धी बाटली पाणी संपलं.
कंडक्टर तिकिटाचे सुटे मागत होता,
कुठून बसलात, विचारत होता,
आणि मला तोंड उघडवेना.